सीमा आणि छप्पर : खासदार नानासाहेब गोरे यांची पाच वर्षे

पुण्याचा इतिहास कसबा पेठेपासून सांगण्याची रीत आहे. लाल महाल, कसबा गणपती, नदीकाठचे थोरला आणि धाकटा शेख सल्ला यांचे दर्गे, तांबट आळी, कुंभारवाडा, हातकागद बनवणाऱ्या कागद्यांचा कागदीपुरा अशा कितीतरी खुणा या एका पेठेत आहेत. पण तिला आणखी एक इतिहास आहे. तो राजवाड्यांचा नाही, मतपेटीचा आहे. १९५७ साली पुण्याच्या मतदारांनी दिल्लीला एक असा खासदार पाठवला, की ज्याच्या हाती सत्ता नव्हती आणि ती येण्याची शक्यताही नव्हती. त्याच्याजवळ होता फक्त प्रश्न विचारण्याचा अधिकार. त्या खासदाराचे नाव नारायण गणेश गोरे, म्हणजे आपले नानासाहेब गोरे. त्यांच्या पाच वर्षांकडे आज पुन्हा पाहावे असे आम्हाला वाटते. सीमेचा प्रश्न आणि घराच्या छपराचा प्रश्न हे दोन्ही त्या पाच वर्षांत पुण्याच्या दारात उभे राहिले होते.

नानासाहेबांचा जन्म १५ जून १९०७चा, कोकणातल्या देवगड तालुक्यातल्या हिंदळे गावचा. शिक्षण पुण्यात झाले आणि कर्मभूमीही पुणेच ठरली. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या पहिल्या पिढीतले ते कार्यकर्ते. इंग्रजांचा तुरुंग त्यांनी पाहिला होता आणि ‘कारागृहाच्या भिंती’ हे पुस्तक त्याची साक्ष देते. पण लोकसभेत जाण्यापूर्वीचा त्यांचा शेवटचा तुरुंग इंग्रजांचा नव्हता, पोर्तुगीजांचा होता. १८ मे १९५५ रोजी सेनापती बापट आणि नानासाहेब यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पोर्तुगीज पोलिसांनी लाठ्या चालवल्या, खटला भरला आणि नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९५७च्या आरंभी ते सुटले आणि त्याच वर्षी लोकसभेवर निवडून आले. त्यांनी पराभव केला तो काकासाहेब गाडगीळांचा. काकासाहेब नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री होते आणि संसदेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी तडफेने मांडली होती. तरीही ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि वारे संयुक्त महाराष्ट्र समितीचे होते. शाहीर अमर शेखांचा आवाज त्या वाऱ्यात होता, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

विरोधकाचे हत्यार

त्या लोकसभेत काँग्रेसचे ३७१ सभासद होते. कम्युनिस्ट २७ आणि नानासाहेबांचा प्रजा समाजवादी पक्ष १९. अधिकृत विरोधी पक्षनेता म्हणावा असा कोणी नव्हता, कारण एक दशांश जागाही कोणाजवळ नव्हत्या. मतदानाला टाकून सरकार पाडण्याची गोष्ट स्वप्नातही शक्य नव्हती. नेहरू सरकारवर पहिला अविश्वासाचा ठराव आला तो १९६३ साली, म्हणजे नानासाहेबांची मुदत संपल्यानंतर.

मग अशा खासदाराने करायचे काय? प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न टाकायचा, तारांकित असेल तर उपप्रश्न विचारायचा. तातडीचे असेल तर लक्षवेधी किंवा तहकुबीची सूचना द्यायची. आणि अंदाजपत्रकाच्या वेळी खात्याच्या मागणीवर कपात सूचना मांडायची. या कपात सूचनेची गंमत पाहण्यासारखी आहे. खात्याचे धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा असे म्हणायचे. एखादी विशिष्ट तक्रार असेल तर शंभर रुपये कमी करा असे म्हणायचे. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! ते कधीच कमी होत नसत, पण तेवढ्यावर तक्रार सभागृहात बोलता येई, मंत्र्याला उत्तर द्यावे लागे आणि ते उत्तर छापले जाई. विरोधकाची सारी कमाई ही अशी छापील असते.

गोवा आणि हिमालय

परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण हे विषय तेव्हा पंतप्रधानांचे राखीव कुरण मानले जात. परराष्ट्र खाते नेहरूंकडेच होते आणि १९५७पासून संरक्षण कृष्ण मेनन यांच्याकडे. नेहरूंपुढे बोलायचे म्हणजे त्यांच्या व्यासंगाला आणि लोकप्रियतेला तोंड द्यायचे. प्रजा समाजवादी पक्षाच्या बाकांवरून आचार्य कृपलानी, अशोक मेहता, राजापूरचे बॅ. नाथ पै आणि पुण्याचे गोरे ही मंडळी ते करीत. गोव्याची मुक्ती, तिबेटचा प्रश्न आणि चीनची सीमा हे या बाकांचे आग्रहाचे विषय होते.

गोव्यावर नानासाहेब बोलत तेव्हा ते ऐकीव माहितीवर बोलत नव्हते, त्यांनी सालाझारची राजवट अंगावर घेतली होती. इथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. गोव्याचा लढा ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध होता, ख्रिस्ती धर्माविरुद्ध नव्हता. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाला तोंड फोडले, तेव्हा त्यांचे यजमान होते डॉ. ज्युलियांव मिनेझिश. त्या लढ्याचे वैचारिक जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्याही ख्रिस्तीच. समाजवाद्यांनी परराष्ट्राचा प्रश्न धर्माच्या चष्म्यातून पाहिला नाही. परक्या सत्तेशी भांडताना आपल्याच नागरिकांकडे संशयाने पाहायचे नसते, हा धडा त्यात होता. संरक्षण आणि परराष्ट्र हे शब्द उच्चारले की ज्यांच्याकडे माना वळतात, त्या आम्हाला या धड्याची किंमत जास्त कळते.

दुसरा प्रश्न हिमालयाचा. मार्च १९५९च्या अखेरीस दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, चीनने अक्साई चिनमधून रस्ता बांधला असल्याचे संसदेला कळले. रस्ता तर दोन वर्षांपूर्वीच तयार झालेला! सरसेनापती थिमय्यांनी राजीनामा दिला आणि मागे घेतला, त्याचीही चर्चा सभागृहात झाली. विरोधकांच्या रेट्यामुळे ७ सप्टेंबर १९५९ रोजी नेहरूंनी चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका सभागृहापुढे ठेवली. २१ ऑक्टोबरला कोंगका खिंडीजवळ आपले दहा पोलीस मारले गेले, आजही तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. सीमेवर काय चालले आहे हे लोकांना सांगा, एवढीच विरोधकांची पहिली मागणी होती. ती देशद्रोहाची मागणी नव्हती, हिशेबाची मागणी होती. शस्त्रे किती, रस्ते किती, माहिती केव्हा मिळाली आणि दडवली का, हे विचारणे म्हणजे सैन्याचा अपमान असे त्या काळी फारसे कोणी मानत नसे. पुढे १९६२मध्ये जे घडले त्याने हे प्रश्न किती रास्त होते ते दाखवून दिले.

पुण्याचे १९६१

पुण्याला या चर्चा दूरच्या वाटायला नको होत्या. दक्षिण विभागाचे लष्करी मुख्यालय पुण्यात, दोन छावण्या पुण्याला लागून, दारूगोळ्याचा कारखाना खडकीला आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याच्या जलाशयाकाठी. त्याच जलाशयाने १२ जुलै १९६१ रोजी पुणे बुडवले.

बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून ते वाचवण्याची शिकस्त करीत होते. पानशेतच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. नारायण, शनिवार, कसबा, मंगळवार, सोमवार या पेठांचे नदीकडचे भाग पाण्याखाली गेले. कसब्यात नदीला चिकटून राहणारे लोक कोण होते? कुंभार, भोई, कागदी आणि वाड्यांतल्या एकेका खोलीत राहणारे भाडेकरू. मातीच्या भिंतींचे जुने वाडे पाणी ओसरल्यावर कोसळत राहिले. ज्याचे घर स्वतःचे होते त्याची निदान जागा उरली. भाडेकरूची तर भिंत पडली म्हणजे पत्ताच गेला.

इथे खासदाराच्या अधिकाराची मर्यादा उघडी पडते. धरण राज्याचे, जमीन राज्याची, शहराची रचना महानगरपालिकेची. घरबांधणीचे केंद्रात खाते होते, औद्योगिक कामगारांसाठी १९५२ची, कमी उत्पन्नवाल्यांसाठी १९५४ची आणि झोपडपट्टी निर्मूलनासाठी १९५६ची योजनाही होती. पण केंद्राचे काम कर्ज आणि अनुदान देण्यापुरते होते. सीमेवरच्या एका चौकीबद्दल पंतप्रधानांना उभे करता येत होते, पण कसब्यातल्या एका खोलीबद्दल ‘हा राज्याचा विषय आहे’ हे उत्तर तयार असे. पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाने धडाडीने हाती घेतले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुणे पेठांबाहेर गेले ते खऱ्या अर्थाने तेव्हापासून. मात्र मिळालेल्या जागेच्या मालकीहक्काचा प्रश्न पूरग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळला. आणि जे कसब्यातच राहिले ते १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने राहिले. भाडे वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही आणि दुसरीकडे परवडत नाही म्हणून भाडेकरू हलत नाही, असा तो पेच. १९९९च्या नव्या कायद्यानेही तो पूर्ण सुटला नाही.

जुलैत पूर आला आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १८ आणि १९ डिसेंबर १९६१च्या त्या कारवाईची सूत्रे दक्षिण विभागाचे प्रमुख जनरल चौधुरी यांच्याकडे, म्हणजे पुण्याच्याच मुख्यालयाकडे होती. ज्या मागणीसाठी नानासाहेबांनी लाठ्या खाल्ल्या ती मागणी सरकारने शेवटी सैन्य पाठवून पुरी केली. श्रेय अर्थातच सरकारला मिळाले. दोन महिन्यांनी निवडणूक झाली. पुण्यातून काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले आणि नानासाहेब पडले! त्याच ऑक्टोबरमध्ये चीनचे आक्रमण झाले, मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ज्या बाकावरून इशारे दिले गेले होते, त्या बाकावर त्या दिवशी पुण्याचे गोरे नव्हते.

पुढे १९६७-६८मध्ये ते पुण्याचे महापौर झाले, १९७० ते १९७६ राज्यसभेत होते आणि आणीबाणीला त्यांनी विरोध केला. १९७७ ते १९७९ या काळात ते इंग्लंडमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. १ मे १९९३ रोजी ते गेले.

या पाच वर्षांचा ताळेबंद कसा मांडावा? कायदा त्यांच्या नावावर नाही, योजना नाही, इमारत नाही. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट प्रस्थापित केली. राष्ट्राची सुरक्षा ही सरकारची खासगी मालमत्ता नाही, तिचाही जाब विचारता येतो. घराच्या बाबतीत मात्र असा जाब विचारण्याची जागाच संसदेत नीट तयार झाली नाही, आणि ती उणीव एका खासदाराची नव्हे, साऱ्या व्यवस्थेची आहे. २०२४ साली कसबा पेठेच्या पोटातून मेट्रो धावू लागली. स्थानकासाठी काही कुटुंबांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. वाडे पडत आहेत, इमले चढत आहेत आणि जुना भाडेकरू आजही विचारतो आहे की आमचे काय.

आम्हाला वाटते, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण दोनच गोष्टी विचाराव्यात. सरहद्दीबद्दल तुम्ही सरकारला काय विचारलेत आणि आमच्या छपराबद्दल काय विचारलेत? पहिल्या प्रश्नावर टाळ्या मिळतात. दुसऱ्यावर मिळत नाहीत, म्हणून तो अधिक चिकाटीने विचारायला हवा.