चोवीस कोडी : बुद्धिबळ-यंत्रांच्या परीक्षेची कथा

रुय लोपेझ हे सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू. सन १५६१ मध्ये त्यांनी बुद्धिबळावर एक ग्रंथ लिहिला. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर ऊन येईल असा पट मांडावा, असा सल्ला त्यात आहे. धर्मगुरूंच्या लेखणीतून तो उतरावा याचे हसू येते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी डावाची सुरुवात मात्र आजही जगभर खेळली जाते. ४ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती खेळली 'डीप ब्लू' या आयबीएम कंपनीच्या यंत्राने. समोर होता विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे उन्हाचा काय उपयोग?

त्या दिवशी यंत्राने जे केले, त्याचे नवल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांची परीक्षा घेण्यासाठी सुरुवातीच्या काळातील संशोधकांनी माणसांसाठी लिहिलेली पुस्तकेच हाती घेतली. अमेरिकन लेखक फ्रेड राइनफेल्ड यांचे 'विन ॲट चेस' हे त्यातले एक. त्यात तीनशे स्थिती आहेत आणि प्रत्येकीत जिंकण्याची वाट दडलेली आहे. यंत्राला ठरावीक वेळ द्यायचा आणि किती सुटल्या ते मोजायचे. पद्धत सोपी, आणि म्हणूनच फसवी. कारण यंत्राचा स्वभाव त्याला दिलेल्या आकड्यांवर ठरतो. प्याद्याचे मोल एक, घोडा व उंट यांचे तीन, हत्तीचे पाच, वजिराचे नऊ, हे तर झालेच. परंतु राजाभोवतालच्या धोक्याला किती गुण द्यावेत, शह बसला की पुढच्या चाली आणखी किती खोल तपासाव्यात, हेही कर्त्यालाच ठरवावे लागते. शहाच्या चाली अधिक खोल पाहायला लावल्या की कोडी भराभर सुटतात. मात्र तेवढा वेळ शांत चालींच्या वाट्याचा कमी होतो. आपल्याकडे गाइड पाठ करून परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी मुले असतात, तसेच हे. शिवाय खऱ्या डावात "इथे विजय दडला आहे, शोधा" असे कोणी कानात सांगत नाही.

या तिढ्यावरचा उपाय बऱ्याच उशिरा लोकांच्या आवाक्यात आला. सन २०१३ पासून 'स्टॉकफिश' या प्रणालीत सुचवलेला प्रत्येक बदल हजारो झटपट डावांतून तपासला जातो : बदललेली प्रणाली एकीकडे, न बदललेली दुसरीकडे. त्यासाठी जगभरचे हौशी लोक आपापले संगणक उसने देतात. श्रमदानच म्हणा ना! परंतु १९८२ साली एवढी साधने कोणापाशी होती?

त्या वर्षी ल्युब्लियानाचे इव्हान ब्रात्को आणि अमेरिकन खेळाडू-संशोधक डॅनी कोपेक यांनी अवघ्या चोवीस स्थितींची एक कसोटी प्रसिद्ध केली. ती माणूस आणि यंत्र दोघांसाठी होती. प्रत्येक स्थितीला दोन मिनिटे. पसंतीच्या क्रमाने चार चालींपर्यंत उत्तर देता येई. पहिली पसंती बरोबर आली तर एक गुण, दुसरी आली तर अर्धा, असा उतरता हिशेब. खरे शहाणपण मात्र निवडीत होते. बारा स्थिती डावपेचांच्या, आणि बारा अशा की जिथे योग्य वेळी एक प्यादे पुढे सरकवून प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्याला भिडवायचे, आणि पटाचा सारा बांधाच बदलायचा. तिथे लगेच हाती काही लागत नाही.

पहिलीच स्थिती पाहा. काळा आपला वजीर थेट पांढऱ्या राजाच्या शेजारी नेऊन ठेवतो. राजाला तो मारावाच लागतो. मग उंट बाजूला सरकतो आणि उंट व हत्ती यांचा दुहेरी शह बसतो. तिसऱ्या चालीला हत्ती मात करतो. माणूस वजीर द्यायला कचरतो. यंत्राला कचरणे ठाऊकच नाही; ते मोजते आणि देऊन टाकते. अशा स्थितींत तत्कालीन यंत्रांनी चांगले गुण मिळवले. प्याद्यांच्या स्थितींत मात्र ती अडखळली. एकच बेरीज केली असती तर हा भेद झाकून गेला असता. त्या दोघांनी तो झाकला नाही, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते.

आता पुन्हा न्यूयॉर्क. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात 'डीप ब्लू' कास्पारोव्हकडून ४–२ असे हरले होते. त्यानंतर यंत्राचा वेग वाढवण्यात आला. पण तेवढ्यावर न थांबता ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांना सोबत घेऊन कोणत्या गोष्टीला किती मोल द्यायचे हे आकडेही पुन्हा बसवले गेले. नवे यंत्र सेकंदाला वीस कोटींपर्यंत स्थिती तपासू शके. दुसऱ्या डावात छत्तिसाव्या चालीला वजीर पुढे घालून प्यादी पटकावण्याची संधी त्याच्यासमोर होती. त्याने ती सोडली. प्याद्यांची शांतपणे अदलाबदल केली आणि पुढच्याच चालीला उंट मधोमध बसवून काळ्याच्या प्रतिहल्ल्याची वाट बंद केली. कास्पारोव्ह हादरला, यामागे माणसाचा हात असावा, असा संशय त्याने बोलून दाखवला. कंपनीने तो नाकारला.

पंचेचाळिसाव्या चालीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला. ११ मे रोजी सामना यंत्राने साडेतीन–अडीच असा जिंकला. पण दुसरा डाव संपल्यानंतर झालेल्या विश्लेषणात वेगळेच निघाले. शेवटच्या स्थितीत काळ्याला वजिराने लागोपाठ शह देत बरोबरी साधता येण्याजोगी होती. कास्पारोव्हला ती दिसली नाही. आणि डावपेचांच्या कोड्यांत वर्षानुवर्षे उत्तम गुण मिळवत आलेल्या यंत्रांच्या त्या वारसालाही ती दिसली नव्हती.