कुत्र्याच्या लोकरीची घोंगडी

घरातल्या कुत्र्याचे केस बारा महिने गळतात, रोज विंचरा, रोज झाडा, ही तक्रार मी घरोघरी ऐकतो. तेव्हा मला उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोस्ट सॅलिश लोक आठवतात. त्यांच्याकडे कुत्र्याचे केस म्हणजे धन. १७९२ मध्ये व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने तिथे मेंढ्यांसारखी कातरलेली कुत्री पाहिली. बायका त्यांची लोकर डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत मिसळून घोंगड्या विणत. जात शुद्ध राहावी म्हणून ही कुत्री इतरांपासून वेगळी ठेवत. पुढे गोऱ्यांच्या वसाहती आल्या, देवीची साथ आली, रूढींवर दडपण आले. ती जात नाहीशी झाली. १८५९ मध्ये मेलेल्या ‘मटन’ नावाच्या कुत्र्याचे कातडे स्मिथसोनियन संस्थेत आहे. ही जात हजारो वर्षे जपली गेली होती, हे २०२३ मध्ये त्याच्या जनुकांवरून कळले. जपणारी माणसेच उद्ध्वस्त झाली, मग कुत्री कशी उरणार?