जेवणाच्या ऑर्डरचा डेटा कसा साठवतात? ओआरएम म्हणजे काय?

मोबाइलवरून जेवण मागवले की ॲपला चार गोष्टी नोंदवाव्या लागतात: कोणी मागवले, कोणत्या हॉटेलातून, काय आणि कुठे पोचवायचे. ही माहिती डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांत राहते. टेबलांची ही पद्धत ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. प्रोग्राम लिहिणारे मात्र 'ऑब्जेक्ट' हाताळतात. या दोन्हींमधला दुभाषा म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम. जावातले हायबरनेट आणि पायथनमधला जँगोचा ओआरएम ही त्याची परिचित उदाहरणे.

गाव एकदाच नोंदवायचे

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले युसूफ वडगाव घ्या. कोणी 'युसुफवडगाव' लिहितो, कोणी नुसते 'वडगाव'. वडगाव नावाची गावे तर राज्यात अनेक आहेत. प्रत्येक ऑर्डरमध्ये नाव टाइप केले, तर संगणकाला एकच गाव तीन वेगळी गावे वाटते आणि पार्सल भलत्याच वडगावला जाऊ शकते. म्हणून गावाची नोंद एकदाच करून तिला क्रमांक देतात. पत्त्याच्या टेबलात फक्त तो क्रमांक येतो. याला 'फॉरेन की' म्हणतात.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणांमागेही हाच विचार आहे. डब्यावर पूर्ण पत्ता नसतो. स्टेशन, इमारत, मजला हे सगळे मोजक्या अक्षरांत आणि आकड्यांत येते.

दर मात्र ऑर्डरसोबत जपायचा

एका ऑर्डरमध्ये अनेक पदार्थ असतात आणि एक पदार्थ अनेक ऑर्डरमध्ये येतो. त्यासाठी मध्ये आणखी एक टेबल लागते. त्यात पदार्थ, नग आणि त्या वेळचा दर असतो. समजा, शेवभाजी १२० रुपयांना घेतली आणि पुढच्या महिन्यात हॉटेलने दर १४० केला. जुने बिल मेनूतला आजचा दर वाचत असेल, तर ते परस्पर बदलेल. मग पैसे परत करताना वाद ठरलेलाच. गाव तेच राहते, म्हणून त्याचा क्रमांक पुरतो. दर बदलतो, म्हणून त्याची नक्कल ठेवावी लागते.

सोयीची किंमत

ओआरएममुळे कोड सुटसुटीत होतो, पण मागे काय चालले आहे ते दिसत नाही. ५० ऑर्डरच्या यादीत हॉटेलचे नाव दाखवायचे असेल, तर यादीसाठी १ आणि नावांसाठी ५० अशा ५१ विचारणा डेटाबेसकडे जाऊ शकतात. याला 'एन अधिक एक' अडचण म्हणतात. हॉटेलची माहिती सुरुवातीलाच जोडून मागितली, की एकाच विचारणेत काम भागते.