पाण्याकडून पाहावी अशी सराई

जुन्या इमारतींच्या अभ्यासात मान मिळतो तो राजवाड्यांना, किल्ल्यांना आणि देवळांना. जिथे वाटसरू रात्रीपुरता टेकला, ओला कोट वाळवत बसला, होडी लागण्याची वाट पाहत राहिला, त्या सरायांकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले. हे पुस्तक अशाच एका सराईविषयी आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फॅल्मथ आणि ट्रुरो या गावांच्या दरम्यान रेस्ट्राँगेट नावाची खाडी आत शिरते. तिच्या काठावर, पाण्याला खेटून, पांढऱ्या भिंतींची आणि गवती छपराची 'पँडोरा इन' उभी आहे. कोकण पाहिलेल्या वाचकाला हे चित्र अगदीच परके वाटू नये. खाडी, तर, शाकारणी, पाखे, वळचण हे शब्द आपल्याकडे आयतेच होते. या विषयासाठी नवी परिभाषा घडवत बसावे लागले नाही, याचे मला मनातून कौतुक वाटते.

सराई पाहिली की पहिला प्रश्न येतो, किती जुनी? स्थानिक परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. वाचकांनी हा आकडा आदराने ऐकावा आणि तूर्त बाजूला ठेवावा. गवती घराचे वय एका आकड्यात मावत नाही. गवत एका पिढीचे, तुळई दुसऱ्या पिढीची, चुन्याचा हात कदाचित गेल्याच उन्हाळ्यातला. टिकून राहते ती जागा. म्हणून तुम्ही या इमारतीकडे रस्त्याने येऊ नका. मनातल्या मनात का होईना, पाण्यावरून या. तिचे जुने नाव 'पॅसेज हाउस' होते, म्हणजे सरळ मराठीत तरीचे घर. फॅल्मथ हे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1850 पर्यंत परदेशी टपाल नेणाऱ्या जहाजांचे बंदर होते. तिथून ट्रुरोकडे जाताना खाडीला वळसा घालायचा की होडीने पलीकडे उतरायचे, एवढाच प्रश्न असे. होडीने जाणाऱ्याला भरतीसाठी, वाऱ्यासाठी किंवा नुसत्या नावाड्यासाठी थांबावे लागे. त्या थांबण्यातून सराई जन्मली. धरमतरच्या नावात आजही 'तर' शिल्लक आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

आता इमारत. या मुलखातली जुनी बांधणी दगडाच्या जोत्यावर मातीच्या भिंतीची. चिकणमाती, पेंढा आणि बारीक खडी पाण्यात कालवून तुडवायची, हातभर उंचीचा थर रचायचा, तो सुकू द्यायचा, मगच पुढचा थर. घाई केली की भिंत पोटातून फुगते. अशा भिंतीला चांगली टोपी आणि चांगले जोडे हवेत, असे तिथले लोक म्हणतात. जोडे म्हणजे जोते आणि टोपी म्हणजे छप्पर. वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढतात, कारण गवती छपराला पन्हळ नसते. पागोळ्या भिंतीपासून जितक्या दूर पडतील तितके बरे.

छपराविषयी जरा रेंगाळायला हरकत नाही, कारण कारागिरीचा कस तिथेच लागतो. पाखे साधारण पन्नास अंशांच्या उतारावर असतात. उतार कमी झाला की पाणी रेंगाळते आणि गवत कुजते. पेंढ्या खालून वर रचतात आणि हेझलच्या फाट्या पिळून, वाकवून केलेल्या खुंट्यांनी त्या ठोकून बसवतात. आढ्यावर ऊनपावसाचा मारा सर्वांत जास्त, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत तेवढे नवे करावे लागते. पाखे मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ चालतात. नव्याने शाकारताना पुष्कळदा तळचा थर काढतच नाहीत. शेजारच्या डेव्हन परगण्यातल्या काही घरांत असा मध्ययुगीन तळथर मिळाला आहे. धुराडी नव्हती, चुलीचा धूर छपरातूनच बाहेर झिरपे, त्या काळातला तो काजळलेला थर. त्यात तेव्हाचा गहू, राय आणि शेतातले तण ओंब्यांसकट शाबूत राहिले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाने धान्याचा इतिहास वाचायला घराच्या छपरात शिरावे, ही या अभ्यासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

मार्च 2011 मध्ये पँडोराला आग लागली. गवती छपराची आग विझवणे अवघड, कारण पाणी बाहेर लोटणे हेच त्या छपराचे काम. बंबाचे पाणीही ते इमानाने बाहेरच लोटते आणि आत गवत धुमसत राहते. छप्पर आणि वरचा मजला गेला, खालच्या भिंती राहिल्या. साधारण वर्षभरात सराई पुन्हा शाकारून उघडली. आता ही जुनी म्हणावी की नवी? वास्तू वारशाच्या यादीत आहे, एवढे सांगून हा प्रश्न मिटत नाही. पुस्तक वाचताना तो तुम्ही सोबत ठेवावा.

नावाची कथा मी मुद्दाम मागे ठेवली, नाहीतर ती सगळी जागा बळकावते. 'बाउंटी' जहाजावरच्या बंडखोरांना पकडायला 1790 मध्ये एडवर्ड एडवर्ड्‌स या कप्तानाला 'पँडोरा' देऊन पाठवले गेले. ताहितीत त्याने चौदा जण पकडले, डेकवरच्या लाकडी खुराड्यात कोंडले. ऑगस्ट 1791 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळखडकावर जहाज फुटले. 31 खलाशी आणि 4 कैदी बुडाले. लष्करी न्यायालयाने कप्तानाला दोषमुक्त केले. पुढे त्याने ही सराई घेतली, असे काठावर सांगितले जाते. कथा झकास आहे. पण कप्तान मूळचा पूर्व इंग्लंडचा, आणि त्याचे अखेरचे दिवसही तिकडेच गेले. वाचकांनी ती सराईच्या शेगडीपाशी ऐकावी, टिपणवहीत मात्र पेन्सिलीनेच लिहावी.

पुस्तक कुठून सुरू करावे? अनुक्रमणिका पाहून काहींना नवल वाटेल. खाडीच्या वरच्या अंगाला कार्नन नदी येऊन मिळते. तिच्या खोऱ्यातल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींनी शतकानुशतके इतका गाळ खाली सोडला की ओहोटीला खाडीचा मोठा भाग उघडा पडतो. होड्या चिखलात कलंडून बसतात आणि वल्ही मारणाऱ्याला वेळापत्रक पाहूनच निघावे लागते. म्हणून पहिले प्रकरण छपराचे नाही, भिंतींचेही नाही, गाळाचे आहे.