बर्फाखालचे अकरा जवान

सैनिकाचा इतिहास कागदावरून शोधावा लागतो, आणि कागद दोन तऱ्हेने नाहीसा होतो. १९७३ साली सेंट लुईसच्या सरकारी दफ्तरखान्याला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात अमेरिकी भूदलातून निवृत्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात जळाल्या. तेव्हापासून अभ्यासक रोजचे हजेरी-अहवाल, पगारपत्रके आणि दफनाच्या नोंदी जुळवून एकेक माणूस उभा करतात.

दुसरी तऱ्हा अधिक क्लेशदायक. ३३३ वी मैदानी तोफखाना बटालियन काळ्या जवानांची होती. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनांनी आर्देनमध्ये चढाई केली. दुसऱ्या दिवशी या बटालियनचे अकरा जवान बेल्जियममधील वेरेट या खेड्यात पोचले. लांगर नावाच्या शेतकऱ्याने त्यांना घरात घेतले, जेवू घातले. एसएस सैनिकांनी त्यांना तेथून नेऊन हालहाल करून मारले. प्रेते कित्येक आठवडे बर्फाखाली पडून होती. मारेकरी सापडले नाहीत म्हणून १९४७ साली चौकशी बंद झाली. १९४९ साली सिनेटच्या समितीने युद्धातील अत्याचारांवर अहवाल दिला. त्यात वेरेटचे नावही नव्हते.

हे कागद जळाले नव्हते. मिटून ठेवले होते. ते पुन्हा उघडले गेले, कारण १९९४ साली लांगरच्या मुलाने त्या जागी एक साधा क्रॉस उभारला. २००४ साली तेथे स्मारक झाले.

ज्या समाजाला आपल्या निष्ठेचा पुरावा वारंवार मागितला जातो, त्याने घरातल्या पेटीतले जुने लष्करी कागद रद्दीत घालू नयेत.