एडिस्टनचा दिवा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर, भर समुद्रांत, एडिस्टन नांवाचे खडक आहेत. भरतीच्या वेळीं ते बहुतेक पाण्याखालीं जातात. आणि अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच ते असल्यामुळें दर्यावर्दी लोक त्यांच्या नांवानेंच धास्तावत. अशा ठिकाणीं दिवा लावावयाचा, ही कल्पना एके काळीं निव्वळ वेडेपणाची वाटत असे.

तो वेडेपणा हेन्री विन्स्टन्ले यानें केला. तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरणारा व चमत्कारिक यंत्रें रचणारा हा कलावंत १६९६ सालीं या कामास लागला. पुढच्याच वर्षीं फ्रेंचांनीं त्याला खडकावरून पकडून नेलें. परंतु दिवा शत्रु-मित्र असा भेद जाणत नाहीं, आणि चौदाव्या लुई राजानें त्याची सुटका केली. १४ नोव्हेंबर १६९८ रोजीं दिवा लागला. मनोऱ्याच्या बळकटीविषयीं शंका घेणारांना तो म्हणे कीं, आजवर झालें नाहीं असें वादळ व्हावें आणि त्या वेळीं आपण आंत असावें! २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्रीं त्याची ही इच्छा पुरी झाली. दुरुस्तीसाठीं तो तेथें गेला होता. महावादळानंतर उजाडलें तेव्हां खडकावर थोड्या वांकलेल्या सळ्यांवांचून कांहीं उरलें नव्हतें. मनोरा उभा होता तोंवर तेथें एकहि जहाज फुटलें नव्हतें. तो गेल्यावर लवकरच व्हर्जिनियाहून तंबाखू घेऊन येणारें एक जहाज त्याच खडकावर आदळलें. दिव्याची किंमत तो विझल्यावर कळली.

दुसरा मनोरा जॉन रड्यर्ड नांवाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानें जहाजें बांधणाऱ्या सुतारांच्या मदतीनें १७०९ सालीं पुरा केला. तो मुख्यतः लांकडी होता. ४६ वर्षें लाटांना तो हार गेला नाहीं. शेवटीं त्याचा घात पाण्यानें नव्हे, अग्नीनें केला. २ डिसेंबर १७५५ रोजीं, रात्रीं मेणबत्त्यांच्या वाती कापण्यासाठीं रखवालदार हेन्री हॉल वर गेला, तों माथ्याचें छप्पर पेटलेलें. ९४ वर्षांचा तो म्हातारा बादलीनें वर पाणी फेंकीत राहिला. वितळलेलें शिसें त्याच्या अंगावर आणि वर वळलेल्या उघड्या मुखांत पडलें. रखवालदारांना होडीनें किनाऱ्यावर आणलें, तेव्हां शिसें पोटांत गेल्याचें हॉल सांगत राहिला. कोणाचाहि विश्वास बसला नाहीं. बाराव्या दिवशीं तो वारला. शवचिकित्सेंत सात औंसांहून अधिक वजनाचा शिशाचा गोळा निघाला. तो आज स्कॉटलंडच्या संग्रहालयांत आहे. डॉक्टरांनीं ही हकीकत रॉयल सोसायटीला कळविली, तर तेथील विद्वानांनींहि प्रथम शंकाच घेतली.

यानंतर जॉन स्मीटन पुढें आला. ओकवृक्षाचें खोड बुंध्याशीं रुंद असतें म्हणून वाऱ्याला दाद देत नाहीं, हें मनांत धरून त्यानें मनोऱ्याची आकृति ठरविली. प्रत्येक दगड शेजारच्या दगडांत दात अडकवून बसविला. चुनखडींत चिकणमातीचा अंश असेल तर तिचा चुना पाण्याखालींहि घट्ट होतो, हेंहि त्यानें प्रयोगांनीं शोधून काढलें. पुढें सिमेंटची विद्या याच वाटेनें वाढली. १६ ऑक्टोबर १७५९ रोजीं तेथें २४ मेणबत्त्या पेटल्या. एवढ्याशा उजेडासाठीं रखवालदारांना रात्रभर जागावें लागे, कारण वाती वारंवार कापल्या नाहींत तर ज्योत काजळे. हवा बिघडली कीं होडी आठवडेंच्या आठवडे येत नसे.

सव्वाशें वर्षांनीं मनोरा शाबूत होता, पण खालचा खडक लाटांनीं पोखरला होता. म्हणून जेम्स डग्लस यानें शेजारच्या खडकावर नवा मनोरा बांधला. तो १८ मे १८८२ रोजीं पेटला. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून प्लिमथच्या टेंकडीवर उभारला गेला. बुंधा मात्र इतका भक्कम होता कीं तो तेथेंच राहिला. बरोबर शंभर वर्षांनीं, १९८२ सालीं, दिवा स्वयंचलित झाला आणि रखवालदारांची तेथील वस्ती संपली.

आज त्या मनोऱ्यांत कोणी राहत नाहीं. दिवा मात्र लागतो. बांधणारांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. वाती कापीत जागणाऱ्या बहुतेकांचीं राहिलीं नाहींत. परंतु जीं जहाजें सुखरूप बंदराला लागलीं, तीं त्यांच्याच जागरणानें लागलीं.