उपवासाचा हिशेब

उपवास आणि दान यांची जोडी आपल्याकडे व्रताच्या उद्यापनापासून एकादशीच्या शिध्यापर्यंत सर्वत्र आढळते. परंतु न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजून नेमकी तेवढीच रक्कम भुकेल्याच्या हाती ठेवावी, हा काटेकोर विचार फार जुन्या काळी लिहून ठेवला तो रोममधील आद्य ख्रिस्ती मंडळीने. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवास करणाऱ्यास अशी आज्ञा आहे की, त्या दिवशी भाकरी व पाणी यांवाचून काही घेऊ नये, एरवी जेवणावर जो खर्च झाला असता त्याचा हिशेब करावा, आणि ती रक्कम विधवेला, पोरक्या मुलाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्टायडीझने रोमन बादशहापुढे आपल्या धर्मबांधवांची कैफियत मांडताना, घरात शिल्लक धान्य नसले तर हे लोक दोन-तीन दिवस उपाशी राहून गरिबाची सोय करतात, असा दाखला दिला.

पुढे अनेक शतके हा उपवास लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या, विधीत सामावून गेला. 1886 साली मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संस्थेच्या एका अधिकाऱ्याने वर्षभर जेवणातील पुडिंग सोडून त्याचे पैसे देण्याचा संकल्प केला आणि त्यातून आत्मत्यागाच्या सप्ताहाची प्रथा निघाली. 11 मार्च 1960 रोजी इंग्लंड-वेल्समधील कॅथलिक स्त्रियांनी डॉमिनिका बेटावरील माता-बालकांसाठी कुटुंबाचा उपवासदिन पाळला. येथवर पैसा उपाशी राहणाऱ्याच्याच ताटातून येत होता.

1975 साली ऑस्ट्रेलियात वर्ल्ड व्हिजन या संस्थेने ‘फॉर्टी अवर फॅमिन’ (चाळीस तासांचा दुष्काळ) सुरू केले; त्यात हा व्यवहार पालटलेला होता. शुक्रवारी रात्री आठपासून रविवारी दुपारी बारापर्यंत, पाणी आणि बार्लीशुगरच्या गोळ्या यांच्या आधाराने, अन्नावाचून राहावयाचे. तत्पूर्वी शेजारीपाजारी, नातलग यांच्याकडे वही घेऊन जाऊन प्रत्येकाकडून देणगीचा आकडा लिहून घ्यावयाचा. आणि उपवास पुरा झाल्यावर पुन्हा त्याच दारांवर जाऊन वसुली करावयाची. शाळेच्या सोबत्यांसह हे करणाऱ्यास एकमेकांचा धीर असतो. परंतु जे मूल एकट्याने हे व्रत पत्करते, त्याच्याच घरात स्वयंपाक होत असतो, भावंडे जेवत असतात, आणि मध्येच घास घेतला तर कोणी विचारणारेही नसते, म्हणून वहीतील आकड्यांची सारी प्रतिष्ठा त्याच्या एकट्याच्या सचोटीवर उभी असते. याचना आणि तप हे दोन्ही भार एकाच कोवळ्या खांद्यावर घेणारी ही रीत मला जुन्या रीतीपेक्षा अधिक कठीण वाटते.

आपल्याकडे 1965 साली अन्नटंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा शहरांतील कित्येक भोजनगृहांनी त्या रात्री दारे बंद ठेवली. शंकराचा सोमवार धरणाऱ्या मराठी घरांत उपास सुटतो तो नेमका त्याच वेळी. म्हणजे ज्या घासाची दिवसभर वाट पाहावयाची, तोच देशासाठी बाजूला ठेवावयाचा होता. तेथे वही नव्हती, वसुलीही नव्हती. वाचवावयाचे होते ते धान्य.

वहीच्या त्या प्रायोजित उपवासात मात्र मला एकच उणीव दिसते: आकडा लिहिणारा स्वतः पोटभर जेवतो. तेव्हा अशी वही घेऊन एखादे मूल एकटेच आपल्या दारी आले, तर सही करणाऱ्याने आपलेही एक जेवण वगळावे आणि त्याची किंमत त्या आकड्यात मिळवावी, एवढी माझी विनंती आहे.